शाळेने तोंडी नकार दिला, आता पुढे काय? शिक्षण हक्क कायदा प्रत्यक्षात वापरायची पद्धत

शाळा मुलाला प्रवेश नाकारते ती जवळजवळ नेहमीच तोंडी. "जागा भरल्या", "आधार नाही ना, मग पुढच्या वर्षी या", "मोठे सर नाहीत, सोमवारी बघू." लेखी नकार सहसा मिळत नाही, कारण तो दिला तर कायदा मोडल्याचा पुरावा शाळाच आपल्या हाताने तयार करते. दाखला अडवणं, फी थकली म्हणून मुलाला वर्गाबाहेर उभं करणं, विशिष्ट मुलांना वेगळं बसवणं, हेही असंच काही कागदावर न येता चालतं. पालक चकरा मारतात, जून-जुलै निघून जातो आणि वर्ष वाया जातं. म्हणून या लेखात कलमांचं पाठांतर कमी आहे आणि कोणता कागद कोणाकडे, कधी, कोणत्या शब्दांत द्यायचा हे जास्त आहे. कायदा केंद्राचा असला तरी नियम आणि अधिकारी राज्यागणिक बदलतात, त्यामुळे इथली माहिती महाराष्ट्राला धरून आहे.

आधी शाळेचा प्रकार ओळखा

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या मागे संविधानाचं कलम २१-क आहे, म्हणजे हा मूलभूत हक्क आहे. वय ६ ते १४, इयत्ता पहिली ते आठवी. उशिरा शाळेत आलेलं मूल १४ वर्षांचं झालं तरी आठवी पूर्ण होईपर्यंत त्याचं शिक्षण मोफत राहतं (कलम ४).

सगळी कलमं सगळ्या शाळांना सारखी लागू नाहीत, आणि तक्रारी बऱ्याचदा इथेच फसतात. जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका यांच्या शाळांत प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण आहे. खासगी अनुदानित शाळेला मिळणाऱ्या अनुदानाच्या प्रमाणात, पण किमान २५ टक्के मुलांना मोफत शिकवावं लागतं. खासगी विनाअनुदानित शाळेवर बंधन आहे ते प्रवेशस्तरावरच्या २५ टक्के जागांचं. केंद्रीय विद्यालय, नवोदय विद्यालय यांसारख्या शाळा कायद्यात विशेष प्रवर्ग म्हणून वेगळ्या धरल्या आहेत. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०१४ रोजी दिला. त्यामुळे शाळेने "आम्ही अल्पसंख्याक" म्हटलं, तर अल्पसंख्याक दर्जाच्या प्रमाणपत्राची प्रत मागा. नुसत्या नावावरून किंवा ट्रस्टवरून दर्जा ठरत नाही.

शाळेचा प्रकार कळण्याचा सोपा मार्ग म्हणजे तिचा ११ अंकी यू-डायस क्रमांक (शाळांच्या सरकारी माहिती प्रणालीतला शाळेचा क्रमांक). महाराष्ट्रातल्या शाळांचा क्रमांक २७ ने सुरू होतो. यू-डायसच्या संकेतस्थळावर तो टाकला की व्यवस्थापन कोणाचं, अनुदानित की विनाअनुदानित, कोणत्या इयत्ता आहेत हे दिसतं. शाळेचं नाव तिथे सापडतच नसेल तर सावध व्हा. मान्यता नसलेली शाळा चालवणं हा गुन्हा आहे. त्याला १ लाख रुपयांपर्यंत आणि सुरू राहिल्यास दिवसाला १० हजारांपर्यंत दंड आहे, पण त्या शाळेत तुम्ही भरलेली फी परत मिळवणं ही वेगळीच लढाई होते.

काही बंधनं मात्र अल्पसंख्याक वगळता सगळ्या शाळांवर आहेत: देणगी किंवा मुलाखत घेऊन प्रवेश देण्यास मनाई (कलम १३), वयाच्या दाखल्यावाचून प्रवेश न अडवणं (कलम १४), नापास आणि हकालपट्टीवरची मर्यादा (कलम १६), शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला बंदी (कलम १७).

कागद नाहीत म्हणून प्रवेश नाही

जन्मदाखला नसेल तर रुग्णालयातली किंवा परिचारिकेच्या नोंदवहीतली नोंद, अंगणवाडीची नोंद, आणि यातलं काहीच नसेल तर पालकांचं स्वयंघोषणापत्र, हे वयाचा पुरावा म्हणून चालतं. कलम १४(२) प्रमाणे केवळ वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. घोषणापत्रावर तारीख मात्र विचार करून लिहा. एकदा जनरल रजिस्टरला (शाळेच्या प्रवेश नोंदवहीत) चढलेली जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्रापर्यंत जाते आणि ती बदलून घेताना दमछाक होते.

आधार हा सगळ्यात जास्त ऐकू येणारा अडसर. शालेय प्रवेशासाठी आधार सक्तीचं करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सांगितलं आहे. तरीही शाळा अडून बसतात, कारण त्यांची शिक्षकपदं संच मान्यतेत (शाळेला किती शिक्षक मंजूर हे ठरवताना) आधार-वैध पटावर मोजली जातात. आधार नसलेलं मूल शाळेच्या दृष्टीने पटावर असून नसल्यासारखं. मुख्याध्यापकांची ही अडचण खरी आहे, पण तिचं ओझं मुलावर टाकता येत नाही. व्यवहाराचा तोडगा असा: प्रवेश अर्जातच लिहून द्या की आधार नोंदणी करून क्रमांक नंतर देऊ. बहुतेक मुख्याध्यापकांना हवा असतो तो एवढाच आधार.

कधीच शाळेत न गेलेलं किंवा मध्येच शाळा सुटलेलं मूल पहिलीत बसवायचं नसतं. कलम ४ प्रमाणे त्याला वयानुरूप वर्गात घ्यायचं असतं, म्हणजे दहा वर्षांचं मूल साधारण पाचवीत. मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचं असतं. त्याची मुदत किमान ३ महिने आणि जास्तीत जास्त २ वर्षं. गडबड होते ती प्रशिक्षणात. मुलाला पाचवीच्या बाकावर बसवतात, प्रशिक्षण कोणी देत नाही, आणि दोन-तीन महिन्यांत ते मूल कंटाळून पुन्हा घरी बसतं. म्हणून प्रवेशाच्या वेळीच विशेष प्रशिक्षण कोण देणार, कोणत्या वेळी देणार हे लेखी विचारा.

ऊसतोड, वीटभट्टी, बांधकामासाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांनी गाव सोडण्याआधी शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्यावं. त्यावर मूल कोणत्या इयत्तेत आहे, कुठवर शिकलं आहे याची नोंद असते आणि नव्या गावातली शाळा त्यावर मुलाला बसवून घेते. कार्ड नसलं तरी प्रवेश मिळायलाच हवा. स्थलांतरित मुलांचा प्रवेश ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी असल्याचं कलम ९ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. वर्षाच्या मध्ये आलात म्हणूनही नाकारता येत नाही (कलम १५).

दाखला अडवला तर

कलम ५ सांगतं की सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचं असेल तर आधीच्या शाळेच्या मुख्याध्यापकाने दाखला लगेच द्यायचा. आणि त्याहून महत्त्वाचं, दाखला यायला उशीर झाला हे नव्या शाळेला प्रवेश लांबवण्याचं किंवा नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही. म्हणजे जुन्या शाळेशी भांडत बसण्यापेक्षा आधी मूल नव्या शाळेत बसवणं शहाणपणाचं.

जुन्या शाळेत लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्या. त्याच दिवशी नव्या शाळेत प्रवेश अर्ज द्या, सोबत दाखल्याच्या अर्जाची ती शिक्क्याची प्रत जोडा. नव्या शाळेला यू-डायस प्रणालीत मुलाचं नाव ओढून घ्यायचं असतं, आणि जुन्या शाळेने ते सोडलं नाही तर ते होत नाही. इथे पालकांच्या हातात काही नसतं. गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून जुन्या शाळेला निरोप गेला की हे काम बहुधा मार्गी लागतं, म्हणून अर्जाची एक प्रत तिकडेही द्या. हजेरी मात्र पहिल्या दिवसापासून लागली पाहिजे. प्रणालीत नाव नाही म्हणून हजेरीपटावरही नाव नाही, असं चालवून घेऊ नका.

थकलेली फी वसूल करायची असेल तर शाळेला इतर मार्ग आहेत, मुलाचा दाखला हे तारण नव्हे. विनाअनुदानित शाळेतून दुसऱ्या विनाअनुदानित शाळेत जाताना कलम ५ थेट लागू पडत नाही. तिथे शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार करा, पण कलम ५ चा हवाला देऊ नका, नाहीतर त्याच मुद्द्यावर अर्ज परत येईल.

एक सापळा इथेच सांगायला हवा. अभ्यासात मागे असलेल्या किंवा 'त्रासदायक' मुलाच्या पालकांना काही शाळा बोलावून "दाखला घेऊन जा, नाहीतर शेरा मारू" म्हणतात. दाखल्याच्या अर्जावर सही पालकाची असते. पुढे तक्रार केली की शाळा तोच कागद पुढे करते: पालकांनी स्वतःहून दाखला नेला. आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. स्वतःची इच्छा नसेल तर त्या अर्जावर सही करू नका, आणि केलीच असेल तर त्याच आठवड्यात शिक्षणाधिकाऱ्यांना कळवा.

२५ टक्के जागा: अर्ज कुठे बाद होतात

कलम १२(१)(सी) प्रमाणे विनाअनुदानित शाळांनी पहिलीच्या, आणि पूर्वप्राथमिक वर्ग असतील तर त्यांच्याही, किमान २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या. फी सरकार शाळेला भरून देतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना यातून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी तो बदल रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. तेव्हा "आता खासगी शाळेत आरटीई (शिक्षण हक्काखालचा प्रवेश) बंद झालं" असं कोणी सांगितलं, तर ती जुनी माहिती आहे.

पात्रतेचे दोन गट आहेत आणि त्यांची सरमिसळ करू नका. वंचित गटात अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त जाती, भटक्या जमाती, इतर मागासवर्ग, विशेष मागास प्रवर्ग, दिव्यांग बालकं, अनाथ बालकं, एचआयव्ही बाधित वा प्रभावित बालकं येतात. यांना उत्पन्नाची अट नाही. दुर्बल गटात बाकीच्या प्रवर्गांतली, वार्षिक उत्पन्न १ लाख रुपयांपर्यंत असलेली कुटुंबं येतात. त्यांना तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. जातीचा दाखला असताना चुकून दुर्बल गटातून अर्ज भरला आणि उत्पन्न जास्त निघालं की अर्ज बाद.

अर्ज ऑनलाइन असतो. वेळापत्रक आणि वयोमर्यादा शिक्षण संचालनालय दरवर्षी जाहीर करतं. जाहिरातीची वाट न पाहता कागद नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच जमवायला घ्या, कारण सगळ्यात जास्त वेळ जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्याला लागतो. परराज्यातला जातीचा दाखला चालत नाही. भाड्याच्या घरात राहत असाल तर भाडेकरार नोंदणीकृत हवा आणि तो अर्जाच्या आधीचा हवा. मुद्रांकावर नुसता नोटरी केलेला करार पडताळणीत टिकत नाही, आणि सोडतीत नंबर लागूनही प्रवेश हुकतो तो बहुतेक वेळा याच कागदावर.

दुसरी मोठी चूक नकाशातली. अर्ज भरताना नकाशावर घराची खूण लावावी लागते आणि अंतर त्या खुणेपासून मोजलं जातं: आधी १ किलोमीटरच्या आतले, मग १ ते ३ किलोमीटरमधले. सायबर कॅफेवाल्याने घाईत खूण चौकात किंवा थेट शाळेवर ठेवली, की पडताळणी समितीला पत्ता आणि खूण जुळत नाही आणि प्रवेश रद्द होतो. खूण स्वतः, मोबाइलवर घराच्या दारात उभं राहून लावा. शाळा १० पर्यंत निवडता येतात. एका मुलासाठी दोन अर्ज भरू नका, दोन्ही बाद होऊ शकतात.

सोडत निघाल्यावर एसएमएसवर विसंबू नका, तो येतोच असं नाही. अर्ज क्रमांक टाकून निकाल स्वतः बघा. निवड झाली तर मूळ कागद आणि छायाप्रती घेऊन तालुका किंवा वॉर्ड पातळीवरच्या पडताळणी समितीकडे दिलेल्या मुदतीत जायचं, थेट शाळेत नव्हे. समितीने कागद मान्य केले की पत्र मिळतं, ते घेऊन शाळेत. समितीने अमान्य केलं तर कारण लेखी मागा आणि त्याच दिवशी शिक्षणाधिकाऱ्यांकडे दाद मागा, कारण जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलाकडे सरकते. प्रतीक्षा यादीत असाल तर प्रत्येक फेरी तपासत राहा. पुष्कळ पालक पहिल्या फेरीनंतर संकेतस्थळ उघडतच नाहीत.

प्रवेशानंतरचा त्रास वेगळा असतो. या मुलांसाठी स्वतंत्र तुकडी, दुपारची वेगळी वेळ, ग्रंथालय किंवा खेळातून वगळणं, स्नेहसंमेलनात भाग न देणं, हे सगळं कायद्याखालच्या नियमांना धरून नाही. मुलं बाकीच्यांबरोबर एकाच वर्गात, एकाच वेळी शिकली पाहिजेत. 'उपक्रम शुल्क', 'स्मार्ट क्लास शुल्क' अशा नावांनी मागितलेली रक्कम भरण्याआधी ती कशासाठी आहे आणि बंधनकारक आहे का, हे शाळेला लेखी विचारा. लेखी विचारलं की मागणी पुष्कळदा तिथेच थांबते. बस ऐच्छिक असेल तर तिचे पैसे द्यावे लागतात, हेही माहीत असू द्या. आणि ही सवलत आठवीपर्यंतच आहे. नववीपासून त्याच शाळेत पूर्ण फी भरावी लागेल, याचा हिशेब शाळा निवडतानाच करा.

नापास, मार, वेगळी पंगत

२०१९ च्या दुरुस्तीनंतर पाचवी आणि आठवीत वार्षिक परीक्षा घेता येते. त्यात मागे राहिलेल्या मुलाला जादा शिकवणी देऊन निकालापासून दोन महिन्यांत फेरपरीक्षा द्यायची, आणि त्यातही नापास झालं तरच त्याच वर्गात ठेवता येतं. महाराष्ट्राने हे स्वीकारलं आहे. बाकी कोणत्याही इयत्तेत, तिसरीत किंवा सहावीत, मुलाला मागे ठेवता येत नाही. फेरपरीक्षेची संधी न देता पुन्हा पाचवीतच बसवलं असेल तर निकालाची तारीख आणि फेरपरीक्षेचं वेळापत्रक लेखी मागा. बहुधा जादा शिकवणी झालेलीच नसते.

कलम १७ मध्ये छडीइतकाच मानसिक छळही येतो: वर्गासमोर जातीवरून, गरिबीवरून, दिव्यांगत्वावरून बोलणं, फी थकलेल्या मुलांची नावं वाचून दाखवणं, परीक्षेला बाहेर बसवणं. मारल्याच्या खुणा असतील तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात दाखवून केसपेपर घ्या आणि खुणांचे फोटो काढा. दोन दिवसांनी केलेल्या तपासणीला फारसा अर्थ उरत नाही. मुलाने सांगितलेलं त्याच्याच शब्दांत, तारीख टाकून एकदाच लिहून ठेवा. नातेवाईक, शिक्षक, शेजारी यांच्यासमोर त्याला पुन्हा पुन्हा सांगायला लावलं की तपशील बदलतात आणि समोरची बाजू त्यावरच बोट ठेवते.

जातीवरून पोषण आहाराची वेगळी पंगत, वेगळं पाणी, शौचालय साफ करायला ठरावीक मुलांनाच पाठवणं, अशा बाबतीत मूल अनुसूचित जाती-जमातीचं असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होऊ शकतो आणि तक्रार पोलिसांत जाते. लैंगिक त्रासाबाबत शाळेच्या अंतर्गत चौकशीची वाट अजिबात पाहू नका. पोक्सो (बालकांचं लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या) कायद्यानुसार गुन्हा पोलिसांना कळवणं शाळेवरच बंधनकारक आहे. १०९८ या बालसेवा क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन करता येतो.

पोषण आहाराचं मोजमापही माहीत असावं. पहिली ते पाचवीसाठी रोज ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीसाठी ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनं. डाळ पातळ आहे हे आमटीकडे बघून कळतं, पण तक्रारीत हे आकडे लिहिले की कार्यालयाला उत्तर द्यावं लागतं.

दिव्यांग मुलं

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे लक्षणीय दिव्यांगत्व (४० टक्के किंवा जास्त) असलेल्या मुलाला वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, तोही परिसरातल्या शाळेत किंवा विशेष शाळेत. निवड पालकांची. "आमच्याकडे सोय नाही, विशेष शाळेत न्या" हे सामान्य शाळेला म्हणता येत नाही. सोय नसेल तर ती मागायची असते: उतार, तळमजल्यावरचा वर्ग, मोठ्या अक्षरांची किंवा ब्रेल पुस्तकं, परीक्षेत लेखनिक व जादा वेळ. गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. त्यांचं मूल्यमापन लेखी घ्या, कारण सोयींची मागणी त्याच कागदावर उभी राहते. समग्र शिक्षा योजनेत दिव्यांग मुलींना महिना २०० रुपये, वर्षातले १० महिने, विद्यावेतन आहे. तीव्र किंवा बहुविध दिव्यांगत्व असेल तर घरी शिक्षण घेण्याचा पर्याय २०१२ च्या दुरुस्तीने दिला. तो पालकांनी निवडायचा, शाळेने सुचवून मोकळं व्हायचं नाही.

तक्रार: कुठे, कशी, किती दिवसांत

कलम ३२ हा या कायद्यातला सगळ्यात कमी वापरला जाणारा आणि सगळ्यात उपयोगी भाग. मुलाच्या हक्काबाबत तक्रार असलेली कोणतीही व्यक्ती, म्हणजे पालकच असावी असं नाही, स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करू शकते. प्राधिकरणाने दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा. निर्णय पटला नाही तर महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील. अर्जात 'कलम ३२(१) अन्वये तक्रार' हे शब्द नसतील तर तो साधा अर्ज म्हणून फायलीत पडतो आणि तीन महिन्यांची मुदत त्याला लागतच नाही.

पायऱ्या अशा घ्या. पहिला अर्ज मुख्याध्यापकांना. तो घेतला नाही तर वाद न घालता त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. आठवडाभरात उत्तर नाही तर ग्रामीण भागात शिक्षणाधिकारी (प्राथमिक), जिल्हा परिषद यांना, प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना. शहरात महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या शिक्षण विभागाला. केंद्रप्रमुख किंवा विस्तार अधिकारी तोंडी मिटवू पाहतील. मिटत असेल तर चांगलंच, पण तोवर अर्ज मागे घेऊ नका. "शाळा सीबीएसईची आहे, आमच्या हातात नाही" हे उत्तर स्वीकारू नका. मंडळ कोणतंही असलं तरी हा कायदा लागू आहे.

अर्ज एका पानात बसला पाहिजे. मजकूर असा ठेवता येईल:

प्रति, मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक), जिल्हा परिषद, ………
विषय: ……… शाळेने इयत्ता ४ थीत प्रवेश नाकारल्याबाबत. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम ३२(१) अन्वये तक्रार.
१) माझी मुलगी ………, जन्मतारीख ………, राहणार ………. शाळेचा यू-डायस क्रमांक ………, व्यवस्थापन: अनुदानित.
२) दि. ……… रोजी सकाळी ……… वाजता प्रवेश अर्ज घेऊन शाळेत गेलो असता कार्यालयातील कर्मचाऱ्यांनी अर्ज स्वीकारला नाही. आधीच्या शाळेचा दाखला नसल्याचे कारण तोंडी सांगण्यात आले.
३) दि. ……… रोजी तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवला. उत्तर मिळालेले नाही.
४) कलम ५(३) नुसार दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही.
५) मागणी: (अ) मुलीस सात दिवसांत प्रवेश देण्याचे आदेश व्हावेत. (ब) निर्णय होईपर्यंत तिला वर्गात बसू द्यावे. (क) निर्णयाची प्रत मला लेखी मिळावी.
सोबत: अर्जाची प्रत, पोस्टाची पावती, वयाचा पुरावा, रहिवासाचा पुरावा.

मागणी (ब) विसरू नका. तीन महिन्यांत निकाल बाजूने लागला तरी तोवर मूल घरी बसलं तर उपयोग काय? एका अर्जात एकच विषय ठेवा. प्रवेश, शौचालय आणि शिक्षकांचं वागणं एकत्र लिहिलं की कार्यालय सगळ्यात सोप्या मुद्द्यावर उत्तर देऊन फाइल बंद करतं. अर्ज आवक विभागात द्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या. व्हॉट्सॲपवर अधिकाऱ्याला पाठवलेला फोटो म्हणजे तक्रार नोंदली असं धरू नका.

महिनाभर हालचाल दिसली नाही तर माहितीचा अधिकार वापरा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एक विषय, महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे १५० शब्दांच्या आत. प्रश्न "का नाही?" असा विचारू नका, कारणं सांगणं माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. असं लिहा: "आवक क्र. ……… दि. ……… या तक्रारीवर झालेल्या कार्यवाहीच्या फाइलीतील सर्व टिप्पण्या व पत्रव्यवहाराच्या प्रती द्याव्यात." ३० दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. बऱ्याच वेळा फाइल हलते ती या अर्जामुळेच, माहिती हातात येण्याच्याही आधी.

शाळा व्यवस्थापन समिती

सरकारी आणि अनुदानित शाळांत ही समिती असते. तिच्यात ७५ टक्के सदस्य पालक आणि एकूण ५० टक्के महिला हव्यात (कलम २१). अनुदानित शाळेत तिचं काम सल्ला देण्यापुरतं आहे. बैठकीचं इतिवृत्त वाचल्याशिवाय सही करायची नाही, एवढा नियम सदस्यांनी पाळला तरी पुष्कळ फरक पडतो. तपासायला सोपे आकडे: पहिली-पाचवीत ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ९० पर्यंत ३, १२० पर्यंत ४, सहावी-आठवीत ३५ मुलांमागे १. वर्षात कामाचे दिवस पहिली-पाचवीला २०० आणि सहावी-आठवीला २२०. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज अशैक्षणिक कामाला शिक्षकांना लावता येत नाही (कलम २७), तेव्हा शिक्षक इतर सर्वेक्षणाला गेल्याचं कळलं तर बैठकीत तारखांसह ठराव घ्या आणि प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना पाठवा.

न्यायालयात जायची वेळ आली तर

प्रवेशाचे दिवस सरत आले असतील तर आयोगाच्या अपिलाची वाट परवडत नाही. मूलभूत हक्क असल्याने संविधानाच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते आणि अंतरिम प्रवेशाची मागणी करता येते. वकिलाचा खर्च ही अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, ते जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. महिला, बालकं, दिव्यांग व्यक्ती आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. अर्ज मुलाच्या नावाने करा. जाताना शिक्क्याच्या प्रती, पोस्टाच्या पावत्या, माहिती अधिकाराचं उत्तर आणि काय कधी घडलं याची तारीखवार एक पानी यादी सोबत न्या.